पालथ्या ताटावरचा नैवेद्य

कोंडबंदरच्या सातेरीला नैवेद्य पालथ्या ताटावर दाखवतात. ताट चुकून उपडं पडलेलं नसतं, मुद्दाम उपडं केलेलं असतं. जुनं ताट आहे, हाताला जड, शेवाळलेल्या पाण्यासारखं हिरवं. वर्षातून एकदा, मार्गशीर्षातल्या जत्रेला, भर दुपारी ते बाहेर काढतात. त्याच्या तळाला मधोमध एक काळं कडं उमटलंय, बांगडीएवढं. त्या कड्याच्या आत मूठभर भात आणि वर गुळाचा खडा. बस्स. देवी तेवढ्यावर खूश असते.

देवळामागे टेंब आहे, छोटीशी टेकडी, त्याला खापरटेंब म्हणतात. पायानं जरा माती उकरली की हिरव्या खापऱ्या वर येतात. शहरातले पाहुणे त्या गुपचूप खिशात घालायला बघतात, आणि गुरवांची चंपाबाय पायरीवरून ओरडते, "ठेव ती खाली! घरी नेऊन काय, लोणचं वाढणार आहेस त्यात?" पाहुणा ओशाळतो. मग विषय बदलायचा म्हणून विचारतो, की बाई, ताट पालथं का हो? चंपाबाय पदर खोचते आणि सांगायला बसते. तिला तिच्या सासूनं सांगितलं, सासूला तिच्या सासूनं. पोथीत कुठे लिहिलेलं नाही. पोथीतलंच खरं वाटत असेल त्यानं आत्ताच उठावं, हे ती आधी बजावते. उठत कुणी नाही.

फार जुनी गोष्ट, असं सांगतात. खाडी तेव्हा खोल होती आणि शिडाची गलबतं थेट देवळाखाली लागत. त्या काळी मोठ्या लोकांना चिनी ताटाचं वेड होतं. म्हणे, चीन देशातलं हिरवं ताट असं असतं, की त्यात विषाचं अन्न पडलं तर ताट तडकतं. आवाज करून तडकतं, म्हणजे जेवणारा सावध होतो. कोंडबंदरच्या देसायांकडे असं एक ताट होतं. देसायांचा थोरला भाऊ एका मेजवानीहून आला आणि पहाटेपर्यंत गेला, तेव्हापासून देसाई त्या ताटाशिवाय घास घेत नसत. पाण्याचं भांडंसुद्धा त्या ताटात ठेवून मग उचलत. बारा वर्षं ते असे जेवले. ताट कधी तडकलं नाही, म्हणून त्यांचा ताटावर विश्वास बसला. विष कुणी घातलंच नसेल, हे काही त्यांच्या मनात आलं नाही. भित्र्या माणसाचा हिशेब असाच असतो.

त्याच गावात भिवरा कुंभारीण राहायची. नवरा सिदू चाकावर बसायचा, तोंड मिटून. बोलायचं काम भिवराचं. घरात सासू होती, येसू नावाची, तिला दिसायचं कमी आणि बोलायचं जास्त. भिवराचा हात मात्र असा, की तिनं थापलेल्या मडक्याला बोटानं टिचकी मारली तर देवळातल्या घंटेसारखं वाजायचं. गावात मातीवरून तंटा झाला तर कुंभारवाड्यालाच विचारत. भिंत कुणाची, कौलं कुणाची, माती कुठली, कुंभारवाड्यातलं माणूस सातेरीच्या वारुळावर हात ठेवून सांगेल ते खरं. सातेरी म्हणजे वारूळच. तिच्यासमोर मातीबद्दल खोटं बोलायचं तर छाती पाहिजे.

एका माघात पूर्वेकडून आलेलं एक गलबत खाडीच्या तोंडाशी खडपावर फुटलं. माणसं बुडाली. माल मोठमोठ्या रांजणांत गवत कोंबून भरलेला होता, ते रांजण तरंगत किनाऱ्याला लागले. फोडून बघतात तो आत हिरवी ताटं. वाहून आलेल्या मालाचा हक्क नागशेट व्यापाऱ्याकडे होता, त्यानं सगळी ताटं वखारीत नेली. आणि खडपावर एक माणूस सापडला. बारीक डोळ्यांचा, मांडीचं हाड मोडलेला, छातीशी एक ताट घट्ट धरलेला. दर्यातून आलेला, जात ना पात माहीत, त्याला कोण घरात घेणार? शेवटी मासे मारणाऱ्या गाबितांनी त्याला कुंभारवाड्यात आणून टाकला. का? तर शुद्धीवर आल्यावर त्यानं ओली माती मुठीत घेतली होती आणि दोन बोटांत चोळून बघितली होती. तसं कुंभाराशिवाय कुणी करत नाही. येसू म्हणाली, "आपल्यातलाच हाय गो कुणीतरी. घाल पडवीत."

त्याचं नाव बुन. तो तापात पडलेला असताना नागशेटानं भिवराला वखारीत बोलावलं. ताटांना शिंपले चिकटले होते, खार चढला होता. तेवढं साफ करायचं, रोजचे पायलीभर तांदूळ. भिवरा कामाला बसली. पहिलंच ताट तिनं उलटं केलं आणि तिला तळाशी ते काळं कडं दिसलं.

आता ही चूक कुंभारणीचीच. दुसऱ्या कुणी बघितलंही नसतं. आपल्याकडे भट्टीतून निघालेल्या भांड्यावर काळा चट्टा आला म्हणजे भाजणाऱ्याची लाज. धूर लागला, लक्ष नव्हतं. भिवराला वाटलं, कुणा गरिबाचं काम बिघडलंय. तिनंच आपणहून विचारलं, "शेट, शिंपले तर काढतेच. हे तळाचं काळं पण काढू का?"

नागशेट ताटाकडे बघत राहिला. मग गोड हसला. "काढ की. तुझ्या हातचं काम, मी काय सांगणार?"

महिनाभर ती कुरुंदाच्या दगडानं घासत होती. एक्केचाळीस ताटं. बोटांची सालं निघाली, पण डाग म्हणून ठेवला नाही. शेवटचं ताट कसं निघालंय ते दाखवायला ती एक दिवस घरी घेऊन आली. बुन तोवर भिंतीला टेकून बसायला लागला होता. तिनं मोठ्या तोऱ्यात ताट उलटं करून त्याच्या पुढ्यात धरलं.

बुननं तळावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग स्वतःचं ताट उशाखालून काढलं, पालथं केलं, त्यावरचं काळं कडं दाखवलं, आणि बोटानं विचारलं, हे कुठे गेलं? भिवरानं घासायची खूण केली. तो रडायला लागला. भाषा येत नव्हती, पण रडायला भाषा कशाला लागते? येसू आतून म्हणाली, "काय केलंस गो त्याला?"

"काय केलं ते मलाच कळंना, आये," भिवरा म्हणाली. आणि ते खरंच होतं.

कळलं ते पुढे. पावसाळाभर बुन बोलायला शिकला, मोडकं तोडकं, आणि एकेक सांगत गेला. तो सयाम देशातला. नदीकाठी भट्ट्यांचं गाव, भट्ट्या एवढ्या मोठ्या की आत माणूस उभा राहील. फार पूर्वी तिथे चीनहून एक उस्ताद आला होता. त्यानं राख आणि शेताची माती कालवून हिरवी झिलई करायला शिकवली, भट्टीचं तोंड कधी बुजवायचं आणि कधी उघडायचं ते शिकवलं, ताटाच्या पोटात कमळ कोरायला शिकवलं. पण सयामची माती जाडी, काळ्या कणांची. चिनी पद्धतीनं बुडावर ठेवून भाजली तर ताटं बसत, वाकत. चिनी उस्ताद कंटाळून गेला, म्हणे. तेव्हा तिथल्या बायकांनी मातीची नळी केली, तिच्या तोंडावर ताट अधांतरी ठेवलं आणि भाजलं. ताट सरळ निघालं. नळीचं तोंड टेकलं होतं तिथे काळं कडं राहिलं. चिनी ताटाच्या बुडाला तांबूस कडा असते, सयामी ताटाला हे काळं कडं.

"झिलई त्यांनी दिली," बुन म्हणाला. "कडं आमचं. माझी आई नळ्या ठेवायची."

भिवरा त्या दिवशी जेवली नाही. एक्केचाळीस आयांचं नाव आपण हातानं घासून काढलं, आणि वर तांदूळ घेतले. येसू दोनदा म्हणाली, "अगो, माहीत नव्हतं तुला." भिवरा म्हणाली, "विचारलं पण नव्हतं."

दसऱ्याला देसायांनी वाड्याची तटबंदी वाढवायला काढली आणि तळ्याची चिकणमाती कुंभारांना बंद केली. सगळी माती तटाला. कुंभारवाड्यातली चाकं थांबली. सिदूनं चाक भिंतीला टेकवलं आणि तो त्याच्यासमोर बसून राहायचा. आठवड्यात तो एकदाच बोलला, "आडवं फिरतं ते उभं ठेवलं की मेल्यासारखं दिसतं."

आणि त्याच सुमाराला देसायांच्या लेकीचं, म्हाळसाचं, लग्न ठरलं. कुठे, तर ज्या घरी जेवून देसायांचा भाऊ मेला त्याच घरी. वैर मिटवायचं म्हणून. देसाई तर घाबरट. लेकीबरोबर पाठराखीण म्हणून घरात जन्म काढलेली एखादी शहाणी बाई द्यायची, ते सोडून त्यांनी ठरवलं, पोरीला चिनी ताटं द्यायची. तिच्या प्रत्येक जेवणाला ताट, मग भीती कसली? नागशेट लगेच पुढे झाला. एक्केचाळीस ताटं आहेत, म्हणाला, अस्सल चिनी. घासलेल्या तळांना त्यानं गेरू चोळून ठेवलाच होता.

देसायांना एवढी ताटं बघून शंका आली. म्हणाले, जत्रेच्या दिवशी कुंभारवाड्यानं वारुळावर हात ठेवून सांगावं, की ही माझ्या ताटाच्याच देशाची. मग घेईन.

नागशेट स्वतः कुंभारवाड्यात आला. पडवीत बसलासुद्धा, जिथे त्याचा नोकरही कधी बसला नव्हता. "भिवरा, एक वाक्य बोलायचं. सगळी एकाच देशाची. देसाई खूश झाले की त्यांना सांगून तळं उघडवून देतो, तुमच्या नातवंडांपर्यंत. माझा शब्द."

"आणि नाही बोलले तर?"

"तर तुझ्या नवऱ्यानं भिंतीकडे बघत बसावं." मग पडवीतल्या बुनकडे हनुवटी उडवून म्हणाला, "आणि याचं काय एवढं? नक्कलच ना ती चिन्यांची. शिकवलं त्यांनी, केलं यांनी. चिनीच म्हणायची."

भिवरा म्हणाली, "मडकी थापायला मी सासूकडून शिकले. म्हणून माझी मडकी सासूची झाली काय?"

आतून येसू ओरडली, "माझी असती तर एवढी जाड नसती!"

शेट हसत उठून गेला. पण भिवराला हसू आलं नाही. कुंभारवाड्यातल्या अकरा घरांच्या चुली तिच्या एका वाक्यावर होत्या. शेजारणी येऊन तेच सांगत होत्या, बाये, बोल ना एकदा, ताटं कुठली का असेनात, आपल्याला काय? आणि ते काही चूक नव्हतं. भुकेपुढे सयाम काय नि चीन काय. भिवराच्या मनात मात्र म्हाळसा फिरत होती. लहानपणी कुंभारवाड्यात येऊन ओल्या मातीत हात बुचकळायची ती पोर. बाप सांगणार, ताट आहे तोवर बिनघोर जेव. आणि ती जेवणार.

जत्रेच्या दुपारी देवळापुढे सारा गाव जमला. नागशेटानं एक्केचाळीस ताटं ओळीनं मांडली. देसायांनी आपलं बारा वर्षांचं ताट रेशमातून सोडवून ठेवलं. म्हाळसा बापामागे उभी होती. गुरवानं देवीला गाऱ्हाणं घातलं आणि भिवराला पुढे बोलावलं.

भिवरानं वारुळावर हात ठेवला. दुसऱ्या हातानं पदराखालून बुनचं ताट काढलं आणि सगळ्यांसमोर पालथं ठेवलं.

"देसायानू, तुमचं ताट चीनचं," ती म्हणाली. "बूड बघा, तांबूस कडा आहे. हे ताट सयामचं, ह्याला काळं कडं आहे. ह्या एक्केचाळिसांना पण होतं. मी घासलं, ह्याच हातांनी. मला डाग वाटला. गेरू मी लावला नाही, तो ज्यानं लावला त्यानं सांगावं."

देसाई नागशेटाकडे वळले. शेट म्हणाला, "पाण्यातून आलेल्या वेड्याचं ऐकून बाई बरळतेय. आणि सयामी असली तरी विद्या चिन्यांचीच ना? गुण तोच असणार. विष ओळखणारच."

"मग बघूया की," भिवरा म्हणाली. "काजऱ्याचं झाड देवळामागेच आहे."

असं सांगतात, की तोंडातून गेल्यावर तीच घाबरली. पण देसायांनी होकाराची मान हलवली. काजऱ्याच्या विषारी बिया कुटून भातात कालवल्या. तीन ताटांत तो भात वाढला, देसायांच्या, बुनच्या आणि घासलेल्यांतल्या एका. आणि सगळे आवाजाची वाट बघत बसले. देवळापुढच्या पिंपळाची सावली पहिल्या पायरीवर होती ती तिसऱ्या पायरीवर आली. एकही ताट तडकलं नाही. चिनी नाही, सयामी नाही. ऊन पडून तिन्ही सारखीच चमकत होती. मग एक कावळा उतरला, सरळ देसायांच्या ताटावर. दोन घास घेतले, उडाला, तुळशीपर्यंत गेला आणि तिथेच तडफडून पडला. ताटाला चरासुद्धा गेला नाही.

देसाई उठून त्या कावळ्यापाशी गेले. बारा वर्षं. शेवटी म्हणाले, "मग मी कशाच्या भरवशावर जेवत होतो?"

"रांधणाऱ्या बाईच्या," भिवरा म्हणाली. "ती तुमच्याच घरची आहे. एकदा तिचं नाव तरी विचारा. माती विष ओळखत नाही हो. चीनची नाही, सयामची नाही, आपल्या तळ्याची नाही. ते माणसानं ओळखायचं आणि माणसानं सांगायचं."

म्हाळसा तेव्हा पहिल्यांदा बोलली, म्हणे. "बाबा, मला ताटं नकोत. माणूस द्या." पुढे तिचं लग्न मोडलं असं काही सांगतात. काही सांगतात, लग्न झालं, पण देसायांची सख्खी बहीण पाठराखीण गेली आणि सहा वर्षं तिथे राहिली, त्या घरची चूल हातात घेऊन. काही असो, पोर म्हातारी होऊन मेली, हे दोन्हीकडचे सांगतात.

देसायांनी आपलं चिनी ताट उचललं आणि देवळामागच्या दगडावर आपटलं. मग एक्केचाळीसही आणायला लावली. नागशेट हात जोडत होता, कुणी बघितलं नाही. फुटण्याचा आवाज खाडीपलीकडे गेला. चिनी तुकडे आणि सयामी तुकडे एकाच ढिगात पडले. तोच खापरटेंब.

आता कुणाला वाटेल, देसायांनी भिवराला तळं बहाल केलं असेल. कुठलं काय! ज्यानं तुमच्या ताटाचा तळ तुम्हाला दाखवला त्याचं तोंड बघवत नाही. तळं बंदच राहिलं. त्याच चिकणमातीनं तट उभा राहिला, आणि चार पावसाळ्यांत ढासळलासुद्धा. शेजारणी दोन महिने भिवराशी बोलल्या नाहीत. सिदू मात्र उठला. होडी घेऊन खाडीपलीकडे गेला आणि डोंगरातली माती भरून आणली. जाडी माती, काळ्या कणांची. चाकावर चढेना, भट्टीत बसे. "फुकट गेली खेप," येसू म्हणाली.

बुननं ती माती दोन बोटांत चोळली आणि कित्येक महिन्यांनी हसला. ही माती त्याच्या ओळखीची होती. त्यानं मातीच्या नळ्या केल्या, नळीवर परळ, म्हणजे मातीची पसरट ताटं, ठेवले आणि भाजले. परळ सरळ निघाले, तळाला काळं कडं घेऊन. अकरा घरांच्या चुली त्या परळांवर पेटल्या. हिरवी झिलईही त्यानं करून बघितली, चिंचेची राख घालून. तपकिरी निघाली. येसू परळ डोळ्याजवळ धरून म्हणाली, "हा हिरवा? मग माझी म्हैस पण हिरवी." त्यावर बुन एवढा हसला, की पुन्हा त्यानं हिरव्याचं नाव काढलं नाही. पुढे एका गलबतातून तो पूर्वेकडे गेला. आपलं ताट त्यानं भिवराकडे ठेवलं.

पुढच्या जत्रेला भिवरा ते ताट घेऊन सातेरीपुढे गेली आणि नवस बोलली. देवी, मी एक्केचाळीस कडी घासली. आता वर्षाला एक, असे एक्केचाळीस नैवेद्य मी तुला कड्यात वाढीन. तू आधी तळ बघ, मग भात बघ. घासलेलं परत येत नाही, पण मी विसरले नाही एवढं तुला कळू दे.

एकोणीस नैवेद्य झाले आणि भिवरा गेली. उरलेले सुनेनं घेतले. सुनेनंतर तिच्या सुनेनं. कुठेतरी मोजणी चुकली. एक्केचाळीस तर केव्हाच झाले असणार, पाहुणे हिशेब करून सांगतात. चंपाबाय म्हणते, चुकली नाही, बायकांनी मुद्दाम चुकवली. एक्केचाळीस झाले म्हटलं असतं तर ताट सुलटं झालं असतं, आणि सुलट्या ताटात काय वाढलंय तेवढंच बघतात सगळे.

आजही मार्गशीर्षातल्या त्या दुपारी कुंभारवाड्यातली थोरली सून ताट घेऊन येते. कड्याच्या आत भात ठेवते. गुरव विचारतो, "कितवा गो?" ती म्हणते, "विसावा." दर वर्षी विसावाच.